विल्हेल्म मायबाख : कार्बोरेटर घडवणारे आणि स्वतःच तो बदलणारे



आपल्याकडं गावोगावी अजून जुन्या मोटारसायकली आहेत. आंजी (मोठी) असो, आर्वी असो की वर्धा, एखाद्या घराच्या ओसरीत आजोबांच्या काळातली येझदी नाहीतर बुलेट ताडपत्रीखाली झाकलेली सापडतेच. ती पुन्हा चालू करायचं ठरलं की पहिला वाद होतो तो कार्बोरेटरवर. मिस्त्री सांगतो की जुना झिजला आहे, आजच्या पद्धतीचा नवीन बसवा, गाडी एका किकमध्ये चालू होईल. घरातलं कुणीतरी अडून बसतं की कंपनीचा मूळ पार्टच काढला तर जुनी गाडी जुनी कशी राहील? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्यांनी जगातल्या पहिल्या पेट्रोल मोटारसायकलसाठी काम केलं, त्यांनी स्वतः या प्रश्नाचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. त्यांनी तिचा कार्बोरेटर आठ वर्षांत मोडीत काढला आणि दुसरा तयार केला. त्यांचं नाव विल्हेल्म मायबाख.

हे नाव मुलांना ठाऊक असतं, पण कोट्यवधी रुपयांच्या मोटारीचं नाव म्हणून. त्या नावामागं एक अनाथ मुलगा आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

विल्हेल्म यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रोन या गावी झाला. वडील सुतार. घरात पाच भाऊ. विल्हेल्म लहान असतानाच आई गेली आणि काही वर्षांतच वडीलही गेले. पोरांना सांभाळायचं कुणी, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी या अनाथ मुलांना आधार द्यावा अशी जाहिरात स्टुटगार्टच्या वर्तमानपत्रात द्यावी लागली. ती पाहून रॉयटलिंगन इथल्या ब्रूडरहाउस नावाच्या संस्थेनं विल्हेल्मला ठेवून घेतलं. गुस्ताव वेर्नर नावाच्या पाद्र्यानं ही संस्था काढली होती. तिथं निराधार मुलांना अन्नवस्त्र मिळायचं, शाळा होती आणि संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखानाही होता. मुलं शिकत आणि कामही करत.

वर्ध्याच्या शिक्षकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकायची नई तालीम तिथून पुढं आली. रॉयटलिंगनची संस्था त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिची प्रेरणा धार्मिक होती. दोन्हींचा एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही. पण हात चालतो तेव्हा डोकंही चालतं, ही समज दोन्हीकडं होती एवढं खरं.

या मुलाचा हात रेखाटनात चांगला आहे हे वेर्नर यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला संस्थेच्या कारखान्यात आराखडे काढायच्या कामाला लावलं. दिवसा काम आणि वरून भौतिकशास्त्र, गणित यांचे जादा वर्ग. मायबाख यांच्याकडं पुढंही मोठी पदवी कधी नव्हती. त्यांची पदवी म्हणजे ड्रॉइंग बोर्ड. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध हा वेर्नर यांनी लावला. तो शोध म्हणजे हा मुलगा.

१८६०च्या दशकात याच कारखान्यात गोटलिब डाइमलर नावाचे इंजिनिअर व्यवस्थापक म्हणून आले. ते मायबाख यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. त्यांनाही या तरुणाची बोटं कळली. १८६९ मध्ये डाइमलर कार्ल्सरुहेला गेले, मायबाख पाठोपाठ गेले. १८७२ मध्ये डाइमलर कोलोनजवळच्या डॉइट्स इथं निकोलाउस ऑटो यांच्या इंजिन कारखान्यात गेले, मायबाख तिथंही गेले आणि लवकरच मुख्य आरेखक झाले. १८७६ मध्ये ऑटो यांचं प्रसिद्ध चार स्ट्रोकचं इंजिन तयार झालं. ते कारखान्यात काढता येईल असं करण्यात मायबाख यांचा मोठा वाटा होता.

आता इथं थोडं थांबू, कारण कार्बोरेटर का लागला हे इथंच कळतं. ऑटो यांचं इंजिन अवजड होतं, जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं. मिनिटाला फार तर दोनशे फेरे मारायचं. आणि ते चालायचं शहरातल्या नळातून येणाऱ्या गॅसवर. गॅस आधीच वायू, तो हवेत सहज मिसळतो, म्हणून तिथं कार्बोरेटरची गरजच नव्हती. पण इंजिन गाडीवर चढवायचं तर नळाशी बांधलेलं राहून कसं चालेल? इंधन सोबत न्यायला हवं, म्हणजे ते द्रव हवं. आणि द्रव पेट्रोल तसंच्या तसं सिलिंडरमध्ये ओतलं तर नीट जळत नाही. साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनानं, असं मिश्रण झालं तरच ते व्यवस्थित जळतं. हे प्रमाण चालत्या गाडीत, खड्ड्यात आणि चढावर, थंडीत आणि उन्हात सांभाळणारं भांडं म्हणजे कार्बोरेटर.

ऑटो यांच्याशी पटेना म्हणून डाइमलर १८८२ मध्ये बाहेर पडले आणि स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट गावी घर घेतलं. मायबाख बायकामुलासह तिथं आले. बागेतल्या काचेच्या हरितगृहाला लागून दोघांनी कार्यशाळा थाटली आणि दार बंद करून काम सुरू केलं. रात्री उशिरापर्यंत ठोकाठोक चाललेली पाहून माळ्याला संशय आला की हे लोक खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांनी झडती घेतली तर आत नुसती इंजिनं! वर्गात हा प्रसंग सांगितला की मुलं हमखास हसतात.

१८८३ मध्ये त्यांचं हलकं, वेगवान इंजिन तयार झालं. १८८५ मध्ये ते लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवलं. ती म्हणजे राइटवागन, सवारीची गाडी. इंजिन २६४ सीसी, ताकद साधारण अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी १२ किलोमीटर. तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं. नोव्हेंबर १८८५ मध्ये ती कान्स्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत धावली. इंजिन पेटवायला सीटखाली तापून लाल झालेली नळी होती, त्यामुळं सीटनं पेट घेतला असंही सांगतात.

या गाडीवर जो कार्बोरेटर होता तो पृष्ठभागावरचा. एका भांड्यात पेट्रोल, त्याच्यावरून हवा जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची. ओल्या धोतरावरून वारा गेला की पाणी उडतं तसंच. कल्पना सोपी, पण खोड मोठी. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यातला हलका भाग आधी उडून जातो, जड भाग भांड्यात राहतो. म्हणजे सकाळी भरलेलं पेट्रोल दुपारी वेगळंच वागणार. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. खड्ड्यात भांडं हिंदकळलं की प्रमाण बिघडलं. अर्धा हॉर्सपॉवरला हे खपून गेलं, मोठ्या इंजिनाला खपणारं नव्हतं.

१८९० मध्ये भांडवलदारांना सोबत घेऊन डाइमलर कंपनी स्थापन झाली आणि नेहमीप्रमाणं पैसेवाल्यांचं आणि कामवाल्यांचं वाजलं. मायबाख यांना ज्या अटी दिल्या त्या त्यांना मान्य नव्हत्या. फेब्रुवारी १८९१ मध्ये ते कंपनी सोडून घरी बसले. घरी बसले म्हणजे घरीच काम करू लागले. पुढं डाइमलर यांनी कान्स्टाटमधलं बंद पडलेलं हेर्मान हॉटेल भाड्यानं घेतलं. त्याच्या नाचाच्या दालनात डझनभर कामगार आणि पाच शिकाऊ मुलं घेऊन मायबाख कामाला लागले. ज्या कंपनीच्या नावावर हे सगळं चालायला हवं होतं, तिच्या बाहेर, एका रिकाम्या हॉटेलात, १८९३ साली फवारा कार्बोरेटर तयार झाला.

त्याची रचना अशी. एका छोट्या कप्प्यात तरंगता फ्लोट. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर येऊन वाट बंद करतो. आपल्या टाकीतला पाण्याचा कोंबडा करतो तेच. त्या कप्प्यातून एक बारीक नळी हवेच्या वाटेत निघते, तिच्या टोकाला अगदी लहान भोक, म्हणजे जेट. पेट्रोलची पातळी त्या भोकाच्या जराशी खाली. इंजिननं हवा ओढली की भोकाजवळ दाब कमी होतो आणि पेट्रोल बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखं उडतं. जितकी हवा, त्या मानानं पेट्रोल. वाफ होईपर्यंत वाट पाहायला नको, आणि भांड्यातलं पेट्रोल शेवटपर्यंत सारखंच राहतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी अशाच फवारा कार्बोरेटरचं पेटंट फेब्रुवारी १८९३ मध्ये मागितलं होतं, मायबाख यांचं फ्रान्समधलं पेटंट त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं. काही पुस्तकं एकाला मान देतात, काही दुसऱ्याला. मुलांना दोन्ही नावं सांगावीत. गरज पिकली की एकच उत्तर दोन गावांत सापडतं. त्यात कुणी कुणाची कॉपी केली असं समजायचं कारण नाही.

वर्गात हे दाखवायला काही खर्च नाही. पाण्याच्या पेल्यात एक स्ट्रॉ उभी धरा, तिचं वरचं टोक पाण्याच्या जरा वर राहू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंका. उभ्या स्ट्रॉतून पाणी चढतं आणि समोरच्याच्या तोंडावर फवारा उडतो. जुन्या लोकांना डास मारायचा हातपंप आठवत असेल, तो याच तत्त्वावर चालायचा.

आता ओसरीतल्या गाडीकडं येऊ, कारण मायबाख यांचा फवारा तिच्यातही आहे. जुन्या बुलेटवर अमल या इंग्रजी कंपनीच्या पद्धतीचा कार्बोरेटर असायचा, येझदीवर यिकोव्ह या चेक पद्धतीचा. फ्लोट, जेट, हवेची वाट, सगळं तेच. यांची म्हातारपणाची दुखणीही ठरलेली. आतली स्लाइड वर्षानुवर्षं खाली-वर घासून झिजते, बाजूनं फालतू हवा शिरते आणि गाडी स्लोमध्ये उभी राहत नाही. फ्लोटची सुई झिजली की पेट्रोल गळतं. अमलला सकाळी टिकलर दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत थांबावं लागायचं. त्या जागी लोक बहुतेक जपानी मिकुनी पद्धतीचा बसवतात. त्यात थंड इंजिनासाठी वेगळी वाट असते, जेट सहज मिळतात, बदलताही येतात. गंमत अशी की मिकुनीनं सुरुवातीला परवाना घेतला तो अमलकडूनच. म्हणजे आजोबांना काढून आपण नातवालाच बसवतो.

पण नवा बसवला आणि झालं, असं नाही. तोंडाचा व्यास इंजिनला साजेसा हवा. मोठा बसवला तर ताकद वाढेल असं पोरांना वाटतं. प्रत्यक्षात वाट रुंद झाली की हवेचा वेग मंदावतो, जेटजवळचा दाब पुरेसा उतरत नाही आणि कमी वेगात गाडी अडखळते. स्ट्रॉच्या प्रयोगात हळू फुंकून पाहा, पाणी चढतच नाही. मग जेट जुळवायचा. त्यासाठी गाडी चालवून प्लग काढून पाहतात. कॉफीसारखा तपकिरी असला तर ठीक, काळा काजळलेला असला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर पेट्रोल कमी. पांढऱ्या प्लगकडं दुर्लक्ष करू नये. येझदीसारख्या टू स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग इंजिन तापून पिस्टन सीज होतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं, आणि जुने रबरी पार्ट फुगतात किंवा कडक होतात. ही गोष्ट मूळ कार्बोरेटर ठेवणाऱ्यांनी आणि बदलणाऱ्यांनी, दोघांनीही लक्षात ठेवावी.

माझं मत विचाराल तर रोज चालवायच्या गाडीला नवा बसवावा आणि जुना फेकू नये. तो धुऊन, तेल लावून, गाडीचा नंबर लिहून डब्यात ठेवावा. इंजिन कापून, छिद्रं पाडून बसवायचा हट्ट मात्र करू नये, कारण मग परतीची वाट बंद होते.

मायबाख यांच्याकडं परत येतो. फवारा कार्बोरेटर आल्यावर कंपनीला कळलं की हे दोघं बाहेर आणि आपण आत, यात नुकसान आपलंच आहे. इंग्लंडमधल्या गुंतवणूकदारांनीही डाइमलर परत आले पाहिजेत अशी अट घातली. १८९५ मध्ये मायबाख तांत्रिक संचालक म्हणून सन्मानानं परतले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या जुन्या गोष्टी एकेक करून बदलल्या. तापलेल्या नळीच्या जागी विजेची ठिणगी आली. इंजिन थंड ठेवायला मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर आला.

मार्च १९०० मध्ये डाइमलर वारले. तीस वर्षांहून जास्त काळाची सोबत संपली. त्याच वर्षी एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानं ३६ गाड्यांची मोठी ऑर्डर दिली, पण गाडी अगदी नव्या धर्तीची हवी आणि इंजिनाला आपल्या मुलीचं नाव हवं अशी अट घातली. मुलीचं नाव मर्सिडीज. मायबाख यांनी ३५ हॉर्सपॉवरची गाडी तयार केली, बुटकी, लांब, चार सिलिंडरची. फवारा कार्बोरेटर एक नाही, दोन. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समध्ये नीसच्या शर्यतींत तिनं बाकीच्यांना मागं टाकलं. फ्रेंच लोक मायबाख यांना आरेखकांचा राजा म्हणू लागले. गाडीवर नाव मात्र व्यापाऱ्याच्या मुलीचं, कंपनीवर डाइमलर यांचं. ज्यांनी कागदावर रेघ ओढली त्यांचं कुठंच नाही. आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही हेच होतं.

जून १९०३ मध्ये कान्स्टाटचा कारखाना आगीत सापडला. त्यात १८८५ची ती पहिली दुचाकीही जळाली. आज वस्तुसंग्रहालयांत राइटवागन म्हणून जी दिसते ती मागाहून केलेली प्रतिकृती आहे. मुलांना चित्र दाखवताना हे जरूर सांगावं.

पुढची वर्षं चांगली गेली नाहीत. कंपनीतल्या राजकारणात मायबाख यांना हळूहळू मुख्य कामापासून बाजूला सारलं. १९०७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपनी कायमची सोडली. पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. काउंट झेपेलिन यांच्या अवाढव्य हवाई जहाजांना भरवशाची इंजिनं हवी होती. १९०९ मध्ये त्यासाठी नवी कंपनी निघाली आणि तिचं तांत्रिक काम मायबाख यांचा मुलगा कार्ल यांनी हाती घेतलं. वडील सल्ल्याला. पुढं ही कंपनी फ्रीडरिक्सहाफेनला गेली आणि १९१८ मध्ये तिला मायबाख हे नाव मिळालं. त्या नावाच्या आलिशान मोटारी कार्ल यांनी काढल्या, त्या पहिल्या महायुद्धानंतर.

जाहिरात देऊन ज्याला आसरा शोधावा लागला होता, त्या माणसाला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी स्टुटगार्ट इथं मायबाख यांचं निधन झालं. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. कान्स्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर यांची कबर आहे, तिथंच त्यांनाही पुरलं.